रोडग्याला नाव कोणाचं

माझ्या मोठ्या जाऊबाई प्रेमलता यांचा कोणावरही विश्वास नाही. दूधवाल्याच्या देखत त्या दुधात बोट बुडवून पाहतात. भाजीवालीच्या तराजूखालून हात फिरवतात. मी दोन दिवस माहेरी, सौंसरला, जाऊन आले की माझी पिशवी जाताना केवढी होती आणि येताना केवढी आहे, हे त्या फाटकातच बघून घेतात. शेजारच्या घरी कुकरच्या रोजच्या तीनऐवजी सात शिट्ट्या झाल्या, तर पाहुणे कोण, कुठले आणि कशाला आलेत, हे संध्याकाळपर्यंत त्यांना कळलेलं असतं. मी या घरात आले त्याला सतरा वर्षं झाली. पहिली काही वर्षं मी त्यांना घाबरले, मग कडाकडा भांडले, आणि आता त्या दोन दिवस लोधीखेड्याला भावाकडे गेल्या तर मला जेवण जात नाही.

आमचं घर पांढुर्ण्यात. एकच अंगण आणि दोन स्वयंपाकघरं. एकीकडे बाई आणि माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, भिवाजी, दुसरीकडे मी आणि माझे हे. शेत एकत्र, संत्र्याची बाग एकत्र, कुरकुर तेवढी वेगवेगळी. बाईंना एकच लेक, प्रणाली. ती नागपूरला नर्सिंग शिकली आणि तीन वर्षांपूर्वी आयर्लंडमध्ये एका वृद्धाश्रमात नोकरीला लागली. तिथे बाराही महिने पाऊस पडतो असं कळल्यावर बाईंचा पहिला प्रश्न होता, "मंग कपडे कुठं वाळवतेत ते लोक?" लेकीनं उत्तर दिलं, तेही त्यांना खरं वाटलं नाही.

गेल्या एप्रिलात एका संध्याकाळी मी आणि बाई ओट्यावर वांगी चिरत बसलो होतो. प्रणालीचा व्हिडिओ कॉल आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आई, मला रोडगे शिकव ना. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तीस-पस्तीस माणसांचे."

बाईंचा विळीवरचा हात तिथेच थांबला.

"कायचा नवस व?"

"नवस कशाला? इथल्या मैत्रिणींना खाऊ घालायचे आहेत."

"मैत्रिणीले पोहे खाऊ घालतेत. रोडगे नाही घालत."

यावर प्रणाली हसली. मीही हसले. आम्ही दोघी जरा जास्तच हसलो आणि तिथेच चुकलो. बाईंनी आधी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा वांगं चिरायला घेतलं.

रोडगा हे आमच्याकडे घरी चार माणसांत बसून खायचं जेवण नाही. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेत तेलाचं मोहन आणि ओवा घालून घट्ट गोळा भिजवायचा. छोट्या पोळ्या लाटायच्या, मध्ये तूप लावून एकावर एक तीन-चार रचायच्या आणि त्यांची मूठ वळून चेंडूएवढा गोळा करायचा. गोवऱ्या पेटवून धूर पूर्ण जाऊ द्यायचा आणि निखाऱ्यांचा लाल आर झाला की त्यात हे गोळे पुरायचे. तासाभरानं बाहेर काढून फडक्यात घोळून राख झटकायची, मुठीनं फोडायचा, वरून तुपाची धार सोडायची. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. सगळा मोहल्ला जमिनीवर पंगतीत बसतो. आणि हे सगळं नवस फेडायलाच करतात. पोरगा पास झाला, हरवलेली गाय सापडली, सून सुखरूप बाळंत झाली, की मारुतीला रोडगे.

आमच्या घराण्यात एक गोष्ट आणखी आहे. पहिला रोडगा आरातून काढला की ज्यानं नवस बोलला त्यानं तो हातात घ्यायचा आणि ज्याच्यासाठी बोलला त्याचं नाव मोठ्यानं घेऊन फोडायचा. तोवर पंगतीत कोणी घास उचलत नाही. रोडगा हातात धरून खोटं नाव घेतलं तर नवस उलटून अंगावर येतो, असं माझ्या सासूबाई सांगायच्या. माझा असल्या गोष्टींवर फार विश्वास नाही. पण रोडगा हातात धरून खोटं बोलायला मला कोणी सांगितलं तर मी बोलणार नाही.

आता प्रणालीचा नवस काय होता ते इथेच सांगून टाकते, कारण मला तो माहीत होता.

दोन वर्षांपूर्वी बाईंच्या छातीत गाठ निघाली. नागपूरच्या दवाखान्यात ती काढली. गाठ वाईट होती. डॉक्टरांनी आम्हाला, म्हणजे भासऱ्यांना आणि मला, बाजूच्या खोलीत नेऊन सांगितलं. भासरे बाहेर आले, नळावर तोंड धुतलं आणि मला म्हणाले, "चंचल, हिले सांगायचं नाही. साधी गाठ हाय म्हणून सांगू." याला कारण होतं. बाईंची आई लोधीखेड्याला याच रोगानं गेली. रोगाचं नाव कानावर पडलं त्या दिवसापासून तिनं खाणं सोडलं आणि दोन महिन्यांत संपली. गाव म्हणायचं, रोगानं नाही, धास्तीनं गेली. म्हणून बाईंना आम्ही साधी गाठ सांगितली. पुढे एकवीस दिवस मशीनखाली झोपवून किरणांचा शेक दिला, तेव्हाही म्हटलं की साध्या गाठीनंतर पण शेक देतात. बाई म्हणाल्या, "असन बाप्पा." जी बाई दुधात बोट बुडवते, ती एवढं मोठं खोटं एका वाक्यात गिळून गेली, याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. मला वाटलं, आपण फार छान सांगितलं.

प्रणालीला मीच फोनवर खरं सांगितलं होतं. तिनं तिकडे बसून जामसावळीच्या मारुतीला नवस बोलला. दोन वर्षांनी आईची तपासणी स्वच्छ निघाली तर रोडग्याची पंगत. त्याच मार्चमध्ये तपासणी स्वच्छ निघाली. तिला वर्षभर सुट्टी नव्हती, आणि इथे येऊन पंगत दिली असती तर आईसमोर नाव घ्यावं लागलं असतं. म्हणून आम्ही दोघींनी ठरवलं की पंगत तिकडेच द्यायची. करायचं कसं ते मात्र आईशिवाय कोण शिकवणार?

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली आणि तपासही. बाई कणीक भिजवून दाखवत, "पानी कमी. अजून कमी. दाबून पाह्य, बोट उमटलं पायजे पन रुतलं नाही पायजे," आणि त्याच सुरात विचारत, "किती लोक म्हनली तू? पस्तीस? त्यात पोट्टे किती?"

"आई, सगळे नर्सच आहेत. केरळच्या, फिलिपिन्सच्या. आणि आश्रमातले काही आजी-आजोबा."

"आजोबा किती वर्साचे?"

मला हसू आवरेना. बाई फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "हसू नको. पोट्टीनं लगन करून टाकलं असन आणि हे लगनाचे रोडगे असन, तर मी तुले सोडनार नाही. तुले सारं मालूम असते." म्हणजे बाईंचा संशय कुठे आहे ते मला कळलं आणि मी सुटकेचा श्वास टाकला. जावई गोरा निघेल या काळजीत त्या असल्या तर असू देत. खऱ्या गोष्टीपासून दूर आहेत ना, मग झालं.

गोवऱ्यांचा प्रश्न आला तेव्हा तर घरात तमाशाच झाला. आयर्लंडमध्ये गायी आमच्याकडल्या माणसांपेक्षा जास्त आहेत म्हणे. प्रणाली जवळच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे गेली, त्याचं नाव डेनिस, आणि त्याच्याकडे शेण मागितलं. त्यानं तिच्याकडे टकामका पाहिलं. शेण कशाला हवं, तर जेवण शिजवायला, हे ऐकून तो दोन पावलं मागे सरकला. तरी त्यानं बादलीभर दिलं. पोरीनं थापून गोवऱ्या केल्या आणि मागच्या भिंतीवर लावल्या. पाच दिवस पाऊस. गोवऱ्या वाळायच्या सोडून भिंतीवरून घसरत खाली येऊ लागल्या. मग तिला आठवलं की तिथले लोक कपडे कशावर वाळवतात. घर गरम ठेवायला भिंतीत गरम पाण्याच्या लोखंडी पट्ट्या असतात, त्यांच्यावर. तिनं आठ गोवऱ्या त्या पट्ट्यांवर मांडल्या आणि ड्युटीवर गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा घरातल्या तिघी मैत्रिणी बाहेर पावसात छत्र्या धरून उभ्या होत्या.

ही गोष्ट ऐकून मी हसून लोटपोट झाले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरगी एवढी धडपड काहून करून राहिली? मैत्रिणीसाठी?"

मी घाईनं चहा ठेवायला उठले.

शेवटी डेनिसनंच मार्ग काढला. त्यांच्याकडे दलदलीतली माती विटांसारखी कापून वाऱ्यावर वाळवतात आणि चुलीत जाळतात. त्यानं एक पोतं दिलं. प्रणालीनं एक वीट फोनसमोर धरली. काळी, हलकी, अगदी जुन्या गोवरीसारखी.

"माती कुठं जळते काय?" बाई म्हणाल्या.

"जळते आई. धूर गेल्यावर छान आर राहतो. मी पाहिलं."

"तुले कोनी बनवून राहिलं."

मग त्यांनी ती वीट कॅमेऱ्याजवळ आणायला लावली, तोडायला लावली, पेटवून दाखवायला लावली. ती खरंच पेटली. बाई पडद्याजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "टोपी काढ."

"काय?"

"डोक्यावरची टोपी काढ म्हनलं."

प्रणालीनं लोकरीची टोपी काढली. बाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. मी मनात म्हटलं, भांगात शेंदूर आहे का ते पाहताहेत. त्या दिवसापासून रोज एकदा टोपी काढायची वेळ आली. कधी म्हणायच्या, "हात वर कर पाहू," कधी, "उभी राय, बाजूनं दिसू दे." प्रणाली वैतागून मला वेगळा फोन करायची. "काकू, आईला काय झालंय? मी पोटुशी आहे असं वाटतंय का तिला?" मी म्हणायचे, वाटू दे बाई, तू टोपी काढत जा.

एप्रिल संपता संपता बाई एका सकाळी लिंबाच्या लोणच्याची बरणी पिशवीत घालून तयार झाल्या. "बोरगावले जाऊन येऊ. सुशीलाले लोनचं द्याचं हाय." सुशीलाबाईंची नेहा आणि आमची प्रणाली आयर्लंडमध्ये एकाच घरात राहतात. सुशीलाबाईंना आयुष्यात बाईंनी कधी लोणचं दिलं नव्हतं. मीही चपला घातल्या, कारण त्यांना एकटीला पाठवणं मला परवडणारं नव्हतं.

सुशीलाबाई भोळ्या. लोणचं पाहून त्यांना भरून आलं आणि त्या बोलतच सुटल्या. बाई मध्ये मध्ये नुसतं "हो ना", "असं का" म्हणत होत्या. तपास कसा करायचा हे शिकायचं असेल तर आमच्या बाईंकडे यावं. पोरींचं जेवण झालं, थंडी झाली, ड्युट्या झाल्या, आणि सुशीलाबाई म्हणाल्या, "मागच्या महिन्यात नेहाले पन सुट्टी घ्या लागली. तुमच्या प्रणालीसोबत मोठ्या दवाखान्यात गेली होती ना ते."

"हो, बोलली होती ती," बाई म्हणाल्या. प्रणाली काहीच बोलली नव्हती. मलाही नाही.

"मशीनीत कायची तं तपासनी केली म्हने तिची. नेहा बाहेर बसून होती. पुढं काय झालं ते मले नाही मालूम बाई. मी विचारलं नाही."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना मी असं कधीच पाहिलं नव्हतं, ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा नाही. माझा विचार मात्र सरळ एकाच वाटेनं गेला. पोरगी खरंच पोटुशी आहे. मशीनीतली तपासणी म्हणजे सोनोग्राफी, दुसरं काय? लग्नाआधी, परक्या देशात. मला प्रणालीचा राग आला आणि बाईंची दया आली.

परतताना सौंसरला बस बदलायची होती. बाई म्हणाल्या, "जामसावळीले जाऊ." आम्ही ऑटो केला. मंदिरात त्या मारुतीसमोर उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. मागचे लोक कुरकुरायला लागले. ओठ हलत होते, ऐकू काही आलं नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय मागितलं बाई?" त्या माझ्यावर खेकसल्या, "तुले काय कराचं हाय? तू कोनाले काही सांगते का?"

हे वाक्य मला झोंबलं. बसमध्ये वाटत राहिलं, हिला काय कळलंय? किती कळलंय?

त्यानंतर बाई बदलल्या. टोमणे बंद झाले. शिकवताना आवाज इतका मऊ, की भासऱ्यांनी मला विचारलं, "हिची तब्येत तं ठीक हाय ना?" आमच्या तिघांमध्ये आता कोण कोणावर नजर ठेवून आहे ते कळेना. भासरे बाईंच्या ताटातल्या पोळ्या मोजत होते. मी बाईंचा फोन कोणाला लागतो ते पाहत होते. बाई आम्हा दोघांना पाहत होत्या. आणि मी प्रणालीला त्या तपासणीबद्दल विचारलं तर ती म्हणाली, "काकू, ते काही नाही, नंतर सांगते." घरात एवढा संशय कधी शिजला नव्हता.

पंगतीचा रविवार मे महिन्यात आला. तिथे दुपारची जेवणवेळ, इथे ऊन उतरलेलं. सकाळीच बाईंनी अंगणाच्या कोपऱ्यात गोवऱ्या रचल्या. मी विचारलं, हे कशाला, तर म्हणाल्या, "तिले दाखवाले. पाहून पाहून करन." भासऱ्यांनी आर केला. बाईंनी फक्त एकच रोडगा वळला, पण असा वळला की त्याला कुठे शिवण दिसत नव्हती. तो आरात पुरला आणि वरून राख ओढली. भाजी नाही, वरण नाही. एका रोडग्यासाठी एवढ्या गोवऱ्या? मी मनात म्हटलं, लेकीसाठी जीव तुटतोय, दुसरं काय.

फोन मी पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवला. पडद्यावर डेनिसचं आवार दिसत होतं. ओली हिरवी जमीन, मध्ये लालबुंद आर, आणि आजूबाजूला गवतावर प्लास्टिक अंथरून तीसेक माणसं मांडी घालून बसलेली. काही म्हाताऱ्यांना मांडी घालता येत नव्हती, त्यांच्यासाठी खुर्च्या होत्या. पत्रावळी नव्हत्या, कागदी ताटल्या होत्या. नेहा वांग्याची भाजी वाढत होती. प्रणालीनं खास पंजाबी ड्रेस घातला होता आणि वरून तीच लोकरीची टोपी. तिनं चिमट्यानं पहिला रोडगा बाहेर काढला, फडक्यात घोळला. राख झटकल्यावर तो असा खरपूस निघाला की भासरे म्हणाले, "वा रे पोरी!"

"आई, बघ," प्रणाली म्हणाली. "झाले. आता मी फोन ठेवते. वाढायचं आहे सगळ्यांना."

हे आमचं आधीच ठरलेलं होतं. नाव घ्यायच्या आधी फोन बंद. मी उठून टाकीकडे हात नेला आणि म्हणाले, "हो हो, ठेव. नेटवर्क पण अटकून राहिलं." बाईंनी माझं मनगट धरलं. एवढी ताकद त्या हातात असेल असं मला वाटलं नव्हतं.

"ठेवाचा नाही. फोड माह्यासमोर. नाव घे."

"आई, इथे कोणाला मराठी कळत नाही, नाव कशाला..."

"मारुतीले कळते."

प्रणालीनं माझ्याकडे पाहिलं. मी भासऱ्यांकडे पाहिलं. भासरे जमिनीकडे पाहत होते. तिकडे तीस माणसं ताटल्या समोर घेऊन थांबलेली, कारण पहिला घास कधी घ्यायचा हे तिनं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. रोडगा तिच्या हातात वाफाळत होता. तिला चटका बसत असणार, पण तिनं तो खाली ठेवला नाही.

"पोरी, मी रागवनार नाही," बाई म्हणाल्या. "जे असन ते सांग. पन रोडगा हाती घेऊन खोटं बोलू नको."

प्रणालीचे डोळे भरून आले. "तुझ्या नावाचा आहे, आई," ती म्हणाली. "तुझी ती गाठ साधी नव्हती."

मी डोळे मिटून घेतले. दोन वर्षं जपलेलं सगळं संपलं असं मला वाटलं. आता ही खाणं सोडेल, आईसारखी झुरून जाईल, आणि याला जबाबदार मी.

पण बाईंचा आवाज आला तो भलताच. "माह्या नावाचा? माह्याच एकटीच्या? तुह्या नाही ना?"

"माझ्या कशाला?"

"मंग ते मशीनीतली तपासनी कायची होती?"

"तुला कोणी... आई, ती साधी होती. आजीला झालं, तुला झालं, म्हणून डॉक्टर म्हणाले एकदा करून घे. काहीच निघालं नाही. एकदम साफ आहे. तुला घोर लागेल म्हणून सांगितलं नाही."

"टोपी काढ."

तिनं टोपी काढली. दाट काळे केस वाऱ्यावर उडाले. बाई बघत राहिल्या आणि मग मटकन खाली बसल्या, अंगणातच, धुळीत. "माह्याच नावाचा हाय," त्या म्हणाल्या. "माहाच हाय हो!" आणि त्या हसत होत्या आणि रडत होत्या. स्वतःला तो रोग झाला होता, या बातमीनं एवढं आनंदलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

भासरे त्यांच्याजवळ उकिडवे बसले. "तुले... तुले मालूम होतं?"

"एकवीस दिवस त्या वार्डात झोपली मी. साऱ्या बाया डोक्याले रुमाल बांधून. साध्या गाठीवाल्या असतेत का त्या?" बाईंनी पदरानं नाक पुसलं. "तुमी नळावर तोंड धुवून आले, तवाच समजलं. म्हनलं, यायले वाटते मले मालूम नाही, तं वाटू द्या. मी रडली असती तं तुमाले कोन सांभाळलं असतं? फकत पोरीले कोनी सांगू नये, एवढंच वाटत होतं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि ते या चंचलनं सांगितलं."

शेंदूर, सोनोग्राफी, गोरा जावई, माझा सगळा तर्क धुळीत मिळाला होता. बाई रोज टोपी काढायला लावत होत्या, ते लेकीचे केस जागेवर आहेत का हे पाहायला.

तिकडे प्रणालीनं रोडगा मुठीनं फोडला आणि रडत रडत ओरडली, "प्रेमलता!" पंगतीतल्या माणसांना वाटलं हीच रीत असेल. सगळे एका सुरात ओरडले, "प्रेमलता!" म्हातारा डेनिससुद्धा. आणि जेवायला लागले.

बाई उठल्या. चिमटा घेऊन कोपऱ्यातल्या आराकडे गेल्या आणि आपला तो एकटा रोडगा बाहेर काढला. मी फडकं पुढे केलं. त्यांनी राख झटकली आणि गरम रोडगा दोन्ही हातांत घेतला.

"दाखवायचं झालं आता, बाई," मी म्हणाले. "तिचं जेवण सुरू झालं."

"हा दाखवाचा नव्हता," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी जामसावळीले बोलली होती मी. म्हनलं मारुतीराया, जो रोग हाय तो माहाच राहू दे. पोरीचा नको."

त्यांनी फोनकडे तोंड केलं, मोठ्यानं प्रणालीचं नाव घेतलं आणि रोडगा फोडला. वाफ वर आली. एक तुकडा भासऱ्यांना दिला, एक मला, आणि तिसरा स्वतः खाल्ला. तूप आणायचं आम्हा कोणालाच सुचलं नव्हतं.